पोर्टर कशी चाखावी: एका ग्लासच्या तीन भेटी

पोर्टर या गडद बिअरचा पहिला घोट बऱ्याच जणांना आवडत नाही, आणि दोष बहुतेक वेळा फ्रिजचा असतो. माझी पहिली पोर्टर अशीच बर्फगार होती. जिभेला गारवा कळला, मागोमाग जळकट कडूपणा आला, बाकी काहीच नाही. ग्लास बाजूला सारून मी गप्पांत रमलो आणि वीस-पंचवीस मिनिटांनी सहज पुन्हा उचलला. बिअर तीच होती, पण आता तिला कोकोचा वास येत होता, पावाच्या भाजलेल्या कडेची चव लागत होती आणि मघाचा कडूपणा कॉफीसारखा मागे जाऊन बसला होता. तेव्हापासून पोर्टर पहिल्यांदा चाखणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: एका ग्लासला तीनदा भेटा. एकदा गार असताना, एकदा गारठा उतरत असताना आणि एकदा ती खोलीच्या तापमानाजवळ आल्यावर. पुढच्या सगळ्या पायऱ्या या तीन भेटींसाठीच आहेत.

एक गोष्ट आधीच. ३३० मिलिलिटरच्या ५ टक्क्यांच्या बाटलीत साधारण १३ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. चाखणं म्हणजे थोडं आणि सावकाश पिणं. तुम्ही कायदेशीर वयाचे नसाल, गरोदर असाल, अल्कोहोलबरोबर न चालणारी औषधं सुरू असतील किंवा नंतर गाडी चालवायची असेल, तर आज हा बेत नको.

ही बिअर काळी का

पोर्टर लंडनची. १७२० च्या दशकात तिथल्या रस्त्यांवर आणि थेम्सच्या धक्क्यांवर ओझी वाहणाऱ्या हमालांना ती इतकी आवडली की त्यांचंच नाव तिला पडलं. इंग्रजीत हमालाला पोर्टर म्हणतात. राल्फ हारवुड नावाच्या ब्रूअरने, म्हणजे बिअर बनवणाऱ्याने, १७२२ मध्ये ती एका झटक्यात शोधून काढली, ही गोष्ट तुम्हाला ठिकठिकाणी वाचायला मिळेल. बिअरच्या इतिहासाचे अभ्यासक तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. लंडनमध्ये आधीपासून बनणारी तपकिरी बिअर जास्त हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं, घालून, जास्त काळ मुरवून हळूहळू पोर्टर होत गेली, हे मलाही अधिक पटतं.

त्या काळची पोर्टर आजच्याइतकी काळी नव्हती. ती तपकिरी माल्टची असे आणि तो माल्ट लाकडाच्या आचेवर वाळवत. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुतेक वेळा बार्ली. अठराव्या शतकाच्या शेवटी ब्रूअर हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारं साधन, वापरायला लागले आणि त्यांना कळलं की फिक्या माल्टमधून तपकिरी माल्टपेक्षा जास्त साखर निघते. हिशेब सरळ होता, सगळे फिक्या माल्टकडे वळले. मग बिअरचा रंग आणि भाजकेपणा कुठून आणायचा? १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने माल्ट भाजण्याच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं. कॉफीच्या बिया भाजतात तसा माल्ट त्यात थेट काळा होईपर्यंत भाजता येऊ लागला. असा माल्ट चिमूटभर घातला तरी अख्ख्या बिअरचा रंग बदलतो.

चाखणाऱ्यासाठी हे महत्त्वाचं आहे. तुमच्या ग्लासमधल्या काळ्या बिअरचं बहुतेक धान्य फिक्या रंगाचंच असतं आणि काळा भाजलेला माल्ट साधारणपणे एक दशांशाहूनही कमी. म्हणून काळा रंग पाहून बिअर कडक असेल, जड असेल, असा अंदाज बांधू नका. इंग्लिश पद्धतीच्या पोर्टरमध्ये अल्कोहोल साधारण ४ ते ५.४ टक्के असतं, अमेरिकन पद्धतीच्या पोर्टरमध्ये ४.८ ते ६.५ टक्के. खरी कडक असते ती बाल्टिक पोर्टर: ६.५ ते ९.५ टक्के. रंगावरून हा फरक कळत नाही, लेबल वाचावं लागतं.

आणि चॉकलेट माल्ट नावाच्या गडद भाजलेल्या माल्टमध्ये चॉकलेट नसतं. रंगावरून पडलेलं ते नाव आहे. चॉकलेटची, कॉफीची जी आठवण होते ती भाजण्यातून येते. धान्यातली साखर आणि प्रथिनं आचेवर एकमेकांशी जुळतात आणि शेकडो नवे गंध तयार होतात. पावाचा पापुद्रा, भाजलेली कॉफी, कोको या सगळ्यांचा सुगंध याच क्रियेतून येतो, म्हणून तर ते एकमेकांची आठवण करून देतात.

पहिली बाटली निवडताना

साधी पोर्टर घ्या. क्राफ्ट ब्रूअर, म्हणजे छोट्या प्रमाणावर बिअर बनवणारे, पोर्टरमध्ये व्हॅनिला, नारळ, कॉफी, मिरची असं बरंच काही घालतात आणि त्यातल्या काही बिअर फार सुंदर असतात, पण पहिल्या ओळखीला त्या नकोत. कॉफीचा वास माल्टने दिला की कॉफीनेच, हे तुम्हाला कळणार नाही. ५ टक्क्यांच्या आसपासची, नुसतं पोर्टर लिहिलेली बाटली पाहा. फुलर्सची लंडन पोर्टर किंवा डेशूट्सची ब्लॅक ब्यूट पोर्टर यांसारख्या बिअर सुरुवातीला उत्तम, कारण त्यांच्यात काही लपवलेलं नाही. तुमच्या जवळच्या छोट्या ब्रूअरीची ताजी पोर्टर मिळाली तर त्याहून चांगलं.

लेबलवर तारीख शोधा. बाल्टिक पोर्टर सोडली तर बाकीच्या पोर्टर ताज्या असतानाच चांगल्या लागतात. बाटली तपकिरी काचेची असावी, किंवा मग कॅन. हिरव्या आणि पांढऱ्या काचेतून उजेड आत जातो आणि हॉप्समधल्या कडू द्रव्यांचं रूपांतर एका उग्र, गंधकी वासाच्या द्रव्यात करतो. त्यामुळे उन्हात किंवा दिव्याखाली मांडलेली बाटली घेऊच नका.

बसण्याआधी

बाटली फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. फ्रिजचं तापमान ४ अंशांच्या आसपास असतं, पोर्टर खुलते ती १० ते १३ अंशांना. आपल्याला तीनदा भेटायचं आहे, म्हणून सुरुवात थोडी गारच असू द्या. ग्लास मात्र फ्रीझरमध्ये ठेवू नका. बर्फाळलेल्या ग्लासमध्ये ओतलेली पोर्टर अर्धी मुकी होते.

बाटलीला तोंड लावून पिऊ नका. चवीचा मोठा भाग नाकातून येतो आणि बाटलीच्या तोंडात नाक जात नाही. पोट फुगीर आणि तोंड थोडं आत वळलेलं, असा ग्लास उत्तम. नसेल तर वाइनचा ग्लास चालतो. ग्लास स्वच्छ आहे का, ते असं पाहा: पाण्याने ओला करून पालथा धरा. पाण्याचा पातळ थर सलग उतरला तर ग्लास स्वच्छ, थेंब अडकून राहिले तर तेलाचा किंवा साबणाचा अंश आहे. तो अंश फेस मारतो. चांगला खळखळून धुऊन हवेवर वाळू द्या. फडक्याने पुसला तर फडक्याचा वास लागतो.

तुमचं तोंडही तयार हवं. तासभर आधी तिखट खाऊ नका, कॉफी पिऊ नका, नुकतेच दात घासलेले नसावेत. अत्तर लावलेल्या मनगटाने ग्लास उचलाल तर अत्तरच हुंगाल. जवळ साधं पाणी आणि साधा पाव असू द्या, बाकी टेबल रिकामं.

ओतणं आणि पाहणं

ग्लास तिरपा धरून निम्मी बिअर कडेवरून उतरवा, मग ग्लास सरळ करून वरून ओता, म्हणजे दोन बोटं फेस येईल. ग्लास अर्ध्याच्या थोडा वर भरला की थांबा. वरची मोकळी जागा गंध साठायला लागते. बाटलीत उरलेली बिअर पुन्हा फ्रिजमध्ये ठेवा, ती शेवटी लागणार आहे.

फेसाचा रंग पाहा. पोर्टरचा फेस पांढरा नसतो, फिकट तपकिरी असतो. आता ग्लास दिव्यासमोर धरा. वरून काळी दिसणारी बिअर कडांना माणकासारखी लालसर चमकते. बऱ्याच पोर्टर खरं तर गडद तपकिरीच असतात, फक्त ग्लासच्या जाडीमुळे काळ्या वाटतात. दिव्यासमोर धरूनही जिच्यातून उजेड येत नाही अशी पोर्टरही असते, पण ती कमी. एवढं पुरे. डोळ्यांवर यापेक्षा जास्त वेळ घालवू नका.

हुंगणं

फेस थोडा बसला की नाक ग्लासजवळ नेऊन दोन-तीन आखूड श्वास घ्या. लांब, खोल श्वासाने नाक लवकर थकतं. मग ग्लास हलकेच फिरवा आणि पुन्हा हुंगा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला वास कमी झाल्यासारखा वाटेल. वास गेलेला नसतो, नाक त्याला सरावलेलं असतं. आपल्याच कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या आणि परत या. अनुभवी चाखणारेही हेच करतात.

काय शोधायचं? नवखा माणूस इथेच गडबडतो, कारण त्याने कुठेतरी वीस गंधांची यादी वाचलेली असते. मी चारच प्रश्न विचारतो. भाजल्याचा वास येतो का? गोडाचा येतो का, म्हणजे कॅरमेल, टॉफी किंवा काकवी? फळाचा येतो का, मनुका, सुकं अंजीर, आलुबुखार? आणि हॉप्सचा येतो का? इंग्लिश पोर्टरमध्ये हॉप्स मातीसारखे, सुक्या फुलांसारखे मंद असतात. अमेरिकन पोर्टरमध्ये संत्र्याच्या सालीचा किंवा देवदारासारखा वास स्पष्ट येऊ शकतो. फळाचा वास बहुतेक वेळा बिअर आंबवणाऱ्या यीस्टचा असतो, कोणी फळ घातलेलं नसतं. चारपैकी दोन प्रश्नांना उत्तर मिळालं तरी पहिल्या भेटीला भरपूर झालं.

घोट

पहिला घोट तोंड धुण्यासाठी. त्यावरून मत बनवू नका. दुसरा घोट जरा मोठा घ्या, जिभेभर फिरू द्या, गिळा, आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. हा सोडलेला श्वास चाखण्यातली सगळ्यात महत्त्वाची क्रिया आहे. तोंडातले गंध घशामागून नाकात चढतात आणि त्यालाच आपण चव म्हणतो.

विश्वास बसत नसेल तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. कडू लागेल, किंचित गोड, किंचित आंबट, बस. आता नाक सोडा. कॉफी, कोको, भाजका पाव एकदम उमटतात. मी हा प्रयोग अनेकांना करायला लावला आहे आणि दर वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर तेच आश्चर्य पाहिलं आहे. जाता जाता: जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू कळतं असा जो नकाशा शाळेत दाखवतात, तो चुकीचा आहे. जिभेवर सगळीकडे सगळ्या चवी कळतात.

पोर्टर तोंडात क्रमाने येते. आधी माल्टचा गोडवा, मग भाजकेपणा, शेवटी हॉप्सचा आणि काळ्या माल्टचा कडूपणा. गिळल्यावर मनात दहापर्यंत मोजा आणि शेवटी काय उरतं ते पाहा. चांगल्या पोर्टरचा शेवट कोरडा, स्वच्छ असतो आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो.

भाजकेपणासाठी आपले शब्द

इथे मला थोडं थांबायचं आहे. बिअरच्या चवीवर मराठीत बोलताना लोक लगेच परक्या शब्दांकडे धावतात. आचेच्या बाबतीत आपली भाषा इतकी श्रीमंत आहे की त्याची गरज नाही. खमंग, खरपूस, करपट, जळकट: हे चार शब्द ओळीने मांडले की पोर्टरची मोजपट्टीच तयार होते.

खमंग म्हणजे भाजण्याची सुरुवात. भाजलेले दाणे, बिस्किट, पावाचा मऊ भाग. तपकिरी माल्ट हा वास देतो. खरपूस म्हणजे त्याच्या पुढचं, कडा गडद झालेल्या, कोको आणि सौम्य कॉफी. चॉकलेट माल्ट इथे बसतो आणि मला वाटतं पोर्टरचं घरही इथेच आहे. करपट म्हणजे कडक काळी कॉफी, थोडा धूर. शेवटाला थोडंसं करपट असेल तर गोडव्याला आळा बसतो. जळकट म्हणजे राख. पोर्टर जळकट लागली तर काळा माल्ट जास्त पडला आहे, किंवा बिअर अजून फार गार आहे. ती आधी जरा तापू द्या, मग ठरवा.

दुसरा गोंधळ कडू, तुरट आणि आंबट यांचा. नवखा माणूस तिन्हींना कडूच म्हणतो. कडूपणा ही जिभेची चव आहे. तुरटपणा हा स्पर्श आहे: फार वेळ उकळलेल्या चहाने गाल आणि हिरड्या आवळतात तसा. काळ्या माल्टमधून थोडा तुरटपणा येतो, पण जीभ खरखरीत झाली तर तो जास्त आहे. आंबटपणाने तोंडाला पाणी सुटतं. भाजलेला माल्ट मुळात किंचित आंबट असतो, कॉफीसारखाच, त्यामुळे हलकी आंबूस झाक दिसली तर घाबरू नका.

त्याबरोबर अंग पाहा, म्हणजे बिअर तोंडात पाणचट वाटते, मऊ वाटते की दाट. पोर्टर साधारण मधल्या अंगाची असते. बारमधल्या नळातून नायट्रोजन वायूच्या दाबाने दिलेली पोर्टर फार मऊ, सायीसारखी लागते, कारण तिचे बुडबुडे बारीक असतात आणि कार्बन डायऑक्साइडचा चटका कमी असतो. तुलना करताना ते लक्षात ठेवा.

दुसरी आणि तिसरी भेट

दहा-पंधरा मिनिटं ग्लास तसाच राहू द्या. मग पुन्हा हुंगा, पुन्हा घोट घ्या, पुन्हा तेच चार प्रश्न. गंधाचे रेणू उबेत जास्त उडतात आणि जिभेला गोडवाही उबेत जास्त कळतो, म्हणून दुसऱ्या भेटीत फळ आणि कॅरमेल पुढे येतात आणि जळकटपणा मागे सरतो. माझ्या मते पोर्टर सगळ्यात चांगली लागते ती याच वेळी.

तिसऱ्या भेटीत, आणखी पंधरा-वीस मिनिटांनी, गॅस कमी झालेला असतो आणि बिअरला काही लपवता येत नाही. दोष इथे कळतात. लोण्यासारखा किंवा बटर टॉफीसारखा ओशट वास डायअसिटिलचा, म्हणजे बिअर आंबताना तयार होणाऱ्या एका द्रव्याचा. यीस्टने काम पूर्ण केलं नाही किंवा नळाच्या नळ्या घाण आहेत. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर जुनी होऊन हवा लागलेली आहे. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर ती कच्ची आहे. सोया सॉससारखा वास मेलेल्या यीस्टवर पडून राहिलेल्या बिअरला येतो. व्हिनेगर आलं तर जिवाणू शिरले. यातलं काही सापडलं तर ग्लास बाजूला ठेवा आणि पोर्टर आपल्याला आवडत नाही, असा निष्कर्ष त्या बाटलीवरून काढू नका.

दोष आणि हेतू यांच्यातली रेघ मात्र नेहमी सरळ नसते. जुनी लंडन पोर्टर प्रचंड लाकडी पिंपांत महिनोन्‌महिने मुरायची. ती पिंपं किती मोठी होती हे १८१४ च्या ऑक्टोबरात कळलं. लंडनमधल्या म्यूच्या ब्रूअरीतलं एक पिंप फुटलं, पोर्टरचा लोंढा शेजारच्या गल्लीत शिरला आणि आठ जणांचा जीव गेला. अशा मुरलेल्या बिअरला चामड्यासारखा, किंचित आंबट असा खास वास असे. कार्ल्सबर्ग या डेन्मार्कच्या ब्रूअरीत काम करणाऱ्या क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये दाखवलं की हा वास एका वेगळ्या जातीच्या यीस्टचा आहे आणि त्याला ब्रेटानोमायसेस, म्हणजे ब्रिटिश बुरशी, असं नाव दिलं. काही क्राफ्ट ब्रूअर आजही मुद्दाम ते यीस्ट घालून जुन्या पद्धतीची पोर्टर बनवतात. लेबलवर तसं लिहिलेलं असेल तर चामड्याचा वास हा त्या बिअरचा दागिना. साध्या पोर्टरमध्ये तोच वास आला तर बिघाड.

टिपण आणि जोडीला काय

प्रत्येक भेटीनंतर दोन ओळी लिहा: नाव, तारीख, आणि गार, मध्यम, कोमट अशा तीन वेळचे तुमचे शब्द. गुण देऊ नका. दहा बाटल्यांनंतर कोणते शब्द पुन्हा पुन्हा येतात ते पाहिलं की तुम्हाला काय आवडतं ते आपोआप कळतं.

चाखून झाल्यावरच खा. कमी गोड डार्क चॉकलेट, मुरलेलं चीज, आचेवर भाजलेले मश्रूम किंवा मांस पोर्टरबरोबर छान जमतं, कारण दोन्हीकडे आच आहे. फार गोड पदार्थ नको, त्याने बिअर नुसती कडू लागते.

पुढच्या खेपेला जमलं तर पोर्टर आणि स्टाउट शेजारी ठेवा, प्रत्येकी १०० मिलिलिटर. स्टाउट हे मुळात जास्त कडक पोर्टरचंच नाव होतं, स्टाउट पोर्टर. आज दोघींमधली सीमा ब्रूअरही एकसारखी सांगत नाहीत, पण ढोबळमानाने स्टाउट करपट बाजूला झुकते आणि पोर्टर खरपूस बाजूला. एकदा ही तुलना केली की पुस्तकी व्याख्येची गरज उरत नाही.

आता फ्रिजमध्ये ठेवलेली उरलेली बिअर काढा आणि दुसऱ्या ग्लासमध्ये ओता. एका हातात गार, दुसऱ्या हातात कोमट. एक घोट इकडचा, पाण्याचा एक घोट, मग एक घोट तिकडचा. तुमच्या टिपणात आजची शेवटची ओळ या दोन घोटांची लिहा. बाटली मात्र आजच संपवा किंवा ओतून टाका, उद्यापर्यंत तिच्यातला गॅसही राहणार नाही आणि वासही.